पूर ओसरल्यावर सही कोणाची?

प्रति,
मा. सदस्य, जिल्हा परिषद, सांगली
मा. सदस्य, पंचायत समिती मिरज, वाळवा, पलूस आणि शिराळा
माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सांगली

विषय : पुरानंतर गावपातळीवरची कार्यालये पुन्हा चालू करणे आणि त्यासाठी मेअखेरपर्यंत करायची तयारी

सप्रेम नमस्कार.

मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. आता तो आपल्या हाती येतो आहे. चार्ज यादीत वाहने, अखर्चित निधी, प्रलंबित देयके, कोर्टातली प्रकरणे असे सगळे असेल. एक बाब बहुधा नसेल. उद्या कृष्णा किंवा वारणा पात्राबाहेर आली, तर पाणी उतरल्यावर काठच्या गावांतला सरकारी कारभार कोणत्या खोलीत, कोणत्या कागदावर आणि कोणाच्या सहीने सुरू होणार? त्या एका बाबीसाठी हे पत्र आहे.

लिहिणारे आम्ही वरील चार तालुक्यांतले निवृत्त तलाठी, ग्रामसेवक, शाखा अभियंते आणि आरोग्य कर्मचारी. (२०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून ‘भाऊसाहेब’च चालते, म्हणून पत्रातही जुनीच नावे ठेवली आहेत.)

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पुराची चर्चा आपल्याकडे बहुतेक या आकड्यांवरच थांबते, म्हणून त्यानंतरच्या तारखाही एकदा ओळीने मांडतो. २१ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २१ ऑक्टोबरला मतदान, २४ ला निकाल. सरकार बनेना म्हणून १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट. २३ नोव्हेंबरला सकाळी एक शपथविधी, २८ ला दुसरा. मंत्रिमंडळाचा विस्तार व्हायला ३० डिसेंबर उजाडला. पूरग्रस्त गावाला पंचनाम्याची पुरवणी यादी, शाळाखोल्यांची मंजुरी, बुडालेल्या पाणीयोजनेची दुरुस्ती हे सगळे ज्या साडेचार महिन्यांत लागते, तेच हे साडेचार महिने. अशा वेळी वर पाठवलेली फाइल कोणी अडवत नाही. ती उघडणाराच कोणी नसतो, आणि खालचा कारकून ‘वरून आदेश नाहीत’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

आचारसंहितेबद्दल आधी एक गैरसमज दूर करू, कारण तालुक्यात तिचा उपयोग कुलपासारखा होतो. आपत्तीग्रस्ताला ठरलेल्या दराने, अधिकाऱ्यांनी केलेल्या यादीप्रमाणे मिळणारी मदत आचारसंहितेत थांबत नाही. नवी घोषणा, नवा वाढीव दर आणि नवे काम यांना निवडणूक आयोगाची परवानगी लागते. खरी मेख कामांत आहे. नुसता कार्यारंभ आदेश निघाला असेल आणि जागेवर कुदळ पडली नसेल, तर ते काम आचारसंहितेत सुरू करता येत नाही. म्हणून पुरानंतरच्या दुरुस्तीचा आदेश निघाला की त्याच आठवड्यात काम सुरू करून मोजमाप पुस्तिकेत पहिली नोंद घ्यायची, तारखेसह फोटो काढायचा आणि चालू कामांची यादी तहसीलदार व गटविकास अधिकारी यांच्या सहीने तयार ठेवायची. आचारसंहिता लागल्यावर ही यादी करायला बसले की तिच्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

आता सहीबद्दल. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रतिनिधी, म्हणजे व्यवहारात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. प्रशासक असताना ही दुसरी खुर्ची रिकामी राहते. शिवाय निवडून आलेली संस्था नसली की वित्त आयोगाचा निधीही अडकतो. या दोन्ही गोष्टी आता आपल्या येण्याने सुटतात, पण खुर्ची भरल्याने गावातली सही आपोआप होत नाही. पुरात तलाठी स्वतः अडकलेला असतो, ग्रामसेवकाकडे दोन गावांचा भार असतो, शाखा अभियंत्याचे पद रिक्त असते. त्यावर प्रभारी नेमायची आपली पद्धत म्हणजे शेजारच्या सज्जाचा (तलाठ्याच्या कार्यक्षेत्राचा) तलाठी. भिलवडीला अंकलखोपचा माणूस दिला तर उपयोग काय? दोन्ही गावे एकाच पाण्यात असतात आणि मधला रस्ता बंद.

जिल्ह्यात दहा तालुके आहेत. महापुराचा मोठा फटका चारांना बसतो. उरलेले सहा म्हणजे जत, आटपाडी, कवठे महांकाळ, तासगाव, खानापूर आणि कडेगाव. प्रत्येक नदीकाठच्या गावाला या सहांपैकी एका तालुक्यातला तलाठी, ग्रामसेवक आणि अभियंता नावानिशी जोडून द्या. आदेश ३१ मेपूर्वी निघावा आणि ‘आयर्विनवर ४० फूट किंवा गावाचा रस्ता बंद, यांतले जे आधी घडेल तेव्हापासून’ तो आपोआप लागू व्हावा. म्हणजे त्या दिवशी कोणाच्या फोनची वाट पाहावी लागणार नाही. वारणाकाठच्या गावांना आयर्विनचे फूट लावू नका. मांगले, सागाव, कोकरूड, चरण, आरळा इथले पाणी चांदोली धरणाच्या विसर्गावर ठरते. त्यांना जवळच्या पुलावरची त्यांची स्वतःची खूण हवी. जोडून दिलेल्या माणसाने जूनमध्ये एकदा गावात येऊन गल्ल्या, शाळा, जॅकवेल (नदीचे पाणी उपसायची विहीर) आणि निवाऱ्याची जागा पाहून जावे. एक दिवसाचा प्रवासभत्ता लागेल, तेवढाच खर्च.

सहीचा दुसरा अर्थ आता डोंगल, म्हणजे डिजिटल सहीची यूएसबी किल्ली, असा झाला आहे. ग्रामपंचायतीचे पैसे ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवरून सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सहीशिवाय हलत नाहीत. डोंगल असते कपाटात आणि कपाट असते पाण्यात. नवे घ्यायचे तर मोबाइलवर ओटीपी आणि व्हिडिओ पडताळणी लागते, आणि मोबाइलही पुरात गेलेला असतो. यापेक्षा जास्त वेळा घडणारा प्रकार असा की डोंगलची मुदत नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये संपते, किंवा ग्रामपंचायतीची मुदत संपून प्रशासक आलेला असतो आणि त्याच्या सहीची जोडणी झालेलीच नसते. मे महिन्यात प्रत्येक गावाच्या दोन्ही सह्यांची मुदत तपासा. ३१ डिसेंबरपूर्वी संपणारी असेल तर आत्ताच नवी घ्या. पावसाळ्यात डोंगल कपाटात ठेवायचे नाही. बंद झिपच्या पिशवीत घालून खिशात ठेवायचे.

तातडीच्या खरेदीला कायद्यात वाट आहे, ती वापरायला मात्र लोक भितात. त्याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाने अधिकार दिला तर निविदेची रीत बाजूला ठेवून खरेदी करता येते आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने वस्तू वापरल्याचे दिलेले प्रमाणपत्र हेच व्हाउचर धरले जाते. लेखापरीक्षणात अडकतात ते हे प्रमाणपत्र तीन महिन्यांनी, आठवणीवर लिहिणारे. ज्या दिवशी ब्लीचिंग पावडर फोडली, त्या दिवशी किती पोती, कोणत्या टाकीत आणि कोणाच्या समक्ष, हे चार ओळींत लिहून सही केली की काम झाले. जेसीबी, टँकर, जनरेटर, पंप दुरुस्ती यांचे दर एप्रिल-मेमध्येच मागवून तालुक्याला मंजूर यादी करून ठेवा. पाण्यात दर विचारायला गेले की दर पाण्याबरोबरच चढतात.

आता दफ्तर. या भागावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण पुरानंतर रंगरंगोटी होते, फर्निचर येते आणि दफ्तराचा विषय कोणी काढत नाही. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. २००५ च्या पुरात पाणी पेवांत गेले आणि व्यापाऱ्यांनी हळद उंचावरच्या गोदामांत नेली. २०१९ आले, २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले, तरी सरकारी कपाटे तळमजल्यावरच आहेत. अलमट्टी धरणाच्या उंचीवर बोलायला सगळे तयार असतात. कपाटाच्या उंचीवर कोणी बोलत नाही.

प्रत्येक कागदाची दुसरी प्रत कुठे आहे हे आधी ठरवा. सातबारा, आठ-अ आणि अलीकडचे फेरफार संगणकावर आहेत, त्यांची फार काळजी नको. गटाचे नकाशे भूमी अभिलेखकडे असतात. जन्म-मृत्यूची माहिती दरमहा तालुक्याला गेलेली असते. रेशनकार्ड ऑनलाइन आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरांची कर आकारणी, आणि नमुना ९, म्हणजे कर मागणी, अनेक गावांत अजून एकाच वहीत आहेत. पण सगळ्यांत कच्चा दुवा आहे प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर. त्याला दुसरी प्रतच नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि बहुतेक घरांत तो याच रजिस्टरच्या एका ओळीत असतो. न्या. शिंदे समितीच्या काळात कुणबी नोंदी शोधायला सारा महाराष्ट्र याच वह्या उलटत होता. ज्या वहीवर एवढे राजकारण उभे आहे, ती वही नदीपासून दोनशे मीटरवर लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात असते.

यावर उपाय महाग नाही. मोबाइलसाठी स्टँड, वरून दोन बाजूंनी उजेड, पान सपाट धरायला काच. दोन माणसे दिवसाला पाच-सहाशे पाने आरामात करतात. पानाचा क्रमांक फोटोत दिसलाच पाहिजे. कोरे पानही सोडायचे नाही, नाहीतर पुढे ‘हे पान गाळले’ असा वाद होतो. शेवटी मुख्याध्यापकाने एकूण पाने मोजल्याचा दाखला लिहून त्याचाही फोटो घ्यायचा. एक प्रत तालुक्याला, एक जिल्ह्याला आणि एक पुराच्या बाहेरच्या जोडतालुक्यात.

मूळ कागद हलवायचा असेल तर कपाट हलत नाही, गठ्ठा हलतो. एका माणसाला उचलवेल असा, १२ ते १५ किलोचा गठ्ठा बांधा. घट्ट झाकणाचे प्लास्टिक क्रेट ठेवा आणि क्रेटच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, बाहेरची धुऊन जाते. काय आधी न्यायचे तो क्रम कपाटावर रंगाने लिहा, कारण त्या रात्री दार उघडणारा माणूस शिपाई असेल किंवा गावातला पोरगा. कृष्णाकाठी हलवण्याची वेळ आमच्या मते आयर्विनवर ३५ फूट. ४० फुटांना टेम्पो जनावरांसाठी लागतात, कागदासाठी कोणी देत नाही. आणि कपाटात वह्या ठासून भरू नका. भिजलेला कागद फुगतो, लोखंडी दार वाकते, मग पहारीने फोडताना उरलेलेही फाटते. कप्प्यात चार बोटे जागा मोकळी हवी.

एवढे करूनही भिजलेच तर काय? पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. चिंब भिजलेली वही उघडायची नाही, पाने सुटी करायची नाहीत, उन्हात टाकायची नाही, इस्त्री तर मुळीच नाही. (या चारही गोष्टी हौसेने होतात.) आधी बंद वहीचा फोटो आणि क्रमांक. बॉलपेनची शाई बऱ्यापैकी टिकते. टाकाची, जेलपेनची आणि शिक्क्याची शाई पसरते. म्हणून चिखलाने माखलेली बॉलपेनची वही बंद ठेवूनच तीन टबांत एकापाठोपाठ स्वच्छ पाण्यात विसळायची. शाईची वही विसळायची नाही, गाळ वाळल्यावर मऊ ब्रशने काढायचा. नुसती ओलसर असेल तर उभी, पंख्यासारखी उघडून सावलीत, वारा खेळत्या खोलीत ठेवायची आणि पानांत कोरा, छपाई न झालेला कागद घालून दर काही तासांनी बदलायचा. वर्तमानपत्र घातले की त्याची शाई नोंदीवर उमटते.

दोन दिवसांत वाळणार नाही इतके कागद असतील तर ते गोठवणे हाच मार्ग. गोठवल्याने दुरुस्ती होत नाही, वेळ मिळतो. जिल्ह्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज भरपूर आहेत, पण तिथे तापमान ४ अंशांच्या आसपास असते. त्यात बुरशी मंदावते, थांबत नाही. उणे १८ अंशांचा कक्ष लागतो आणि तो दूध किंवा आइस्क्रीमच्या व्यवसायात सापडेल. अशा एका-दोन ठिकाणांशी आत्ताच लेखी बोलणी करून ठेवा. प्रत्येक वही वेगळ्या प्लास्टिक पिशवीत आणि क्रेटमध्ये एकच थर.

शेवटी गहाळ नोंदवही. पाणी ओसरल्यापासून ३० दिवसांत, कोणत्या वहीची कोणती पाने गेली, कोणती अर्धवट वाचतात आणि कोणती शाबूत आहेत, याची यादी ग्रामसेवक, विस्तार अधिकारी आणि एक बाहेरचा कर्मचारी अशा तिघांच्या सहीने करा, ग्रामसभेत वाचा आणि तालुक्याला पाठवा. हे का, ते कोणी उघडपणे सांगत नाही. यादी नसली की ‘ते पुरात गेले’ हे पुढची वीस वर्षे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर होते. गायरानाची नोंद कुठे आहे? पुरात गेली. अमुक वर्षाचे रोकडबुक? पुरात गेले. यादी झाली की त्यानंतर हरवलेला प्रत्येक कागद हा माणसाने हरवलेला असतो.

पंचनाम्याकडे वळू. शेतीचा पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून करायचा, घराचा अभियंत्याबरोबर, जनावरांचा पशुधन विकास अधिकाऱ्याबरोबर. नीट करायचा तर एका पथकाने दिवसाला २५ ते ३० घरे. ६०० घरांच्या गावाला चार पथके सहा दिवस. ‘तीन दिवसांत पूर्ण करा’ असा आदेश वरून आला की पथक चावडीत बसून यादी लिहिते, आणि पुढचे सहा महिने त्याच यादीच्या तक्रारी निपटण्यात जातात.

पुरावा पहिल्या तीन दिवसांत नाहीसा होतो, कारण माणसे घर धुतात, आणि धुणारच. म्हणून पंचनामा नंतर झाला तरी चालेल, पण पाणी उतरताच प्रत्येक घरात आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करून शेजारी फूटपट्टी धरून फोटो घ्या. गावात पूर नोंदवही ठेवा. कोणत्या गल्लीत पाणी कधी शिरले आणि कधी उतरले, तारीख आणि वेळ. मदतीला कधी कधी ‘घर दोन दिवस पाण्याखाली’ अशी अट येते, २०१९ मध्ये ती आली होती. दोन दिवस होते की दीड, हे ठरवणारे एक पान जिथे असेल तिथे भांडण नाही. तेव्हा ग्रामीण भागात कुटुंबाला १० हजार आणि शहरी भागात १५ हजार अशी मदत होती. रकमेइतकेच वाद ‘कुटुंब म्हणजे कोण’ यावर होतात. घर एक, चुली तीन, रेशनकार्ड एक. भाडेकरू. शेतमजूर, ज्याचे घर मालकाच्या नावावर आहे. हे तीन प्रकार यादीत वेगळ्या रकान्यात नोंदवा. त्यांचा निर्णय मागाहून झाला तरी नाव सुटणार नाही.

पिकाचा घोळ वेगळाच. ई-पीक पाहणीचे खरिपाचे काम ऑगस्टमध्ये चालते आणि आपला पूर जुलै-ऑगस्टमध्येच येतो. म्हणजे पीक बुडते तेव्हा ते सातबारावर लागलेलेच नसते. यासाठी उसाच्या बाबतीत साखर कारखान्याची ऊस नोंद, लागण तारीख आणि जात यांसह, पूरक पुरावा म्हणून घेण्याचा आदेश आधी काढून ठेवा. सोयाबीन-भुईमुगाला बियाण्याची पावती. ३३ टक्के नुकसानीचा निकष लावताना ऊस फसवतो. पाण्यातून निघालेला ऊस आठवडाभर हिरवाच दिसतो. शेंड्यात, पोंग्यात गाळ बसून तो कुजतो ते नंतर कळते. उसाची पाहणी पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा करा. जमिनीवर गाळ साचला असेल तर ३ इंचांची अट असते. गाळ ओला असताना मोजा, वाळल्यावर तो बसतो. जनावर वाहून गेले तर शव नसते आणि शवविच्छेदन नसते. तिथे कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, दूध संस्थेचे पुस्तक आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब पुरेसे मानावेत, असे लेखी स्पष्ट करून घ्या.

काळ्या रानातल्या घरांबद्दल एक गोष्ट शहरातल्या अभियंत्याला सांगावी लागते. काळी माती भिजून फुगते आणि वाळताना आकसते. ऑगस्टमध्ये सरळ उभे असलेले घर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तडकते, आणि तोवर पंचनाम्याची मुदत गेलेली असते. नोव्हेंबरमध्ये पुरवणी पंचनाम्याची एक फेरी नियमातच ठेवा. सरकारी इमारतींनाही हेच लागू. शाळेच्या ओल्या भिंतीवर ‘दुरुस्ती पूर्ण’ म्हणून महिन्यात केलेला गिलावा पुढच्या उन्हाळ्यात पापुद्र्यांनी सुटतो. आत-बाहेर खरवडून भिंत दोन महिने उघडी ठेवा.

मदतीची यादी अपलोड झाली की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक येतो आणि मग आधारची पडताळणी. इथे माणसे अडकतात ती अशी : मोबाइल पुरात गेला म्हणून ओटीपी नाही, खातेदार मयत आणि वारस नोंद नाही, सामाईक खात्यात भावांची संमती नाही. पहिल्यासाठी निवारा केंद्रातच बोटाचा ठसा घेणारे यंत्र आणि सिमकार्ड बदलून देणारा माणूस बसवा. दुसऱ्यासाठी पूर यायच्या आधी, एप्रिल-मेमध्ये नदीकाठच्या गावांत वारस नोंदीची मोहीम घ्या. तिसऱ्याला मोहीम पुरत नाही, तिथे तलाठ्याचा घसाच लागतो.

पाणीयोजनेचे थोडक्यात. बुडालेला पॅनेल बोर्ड धुऊन चालू करू नका. कॉन्टॅक्टर आणि रिले यांत गाळ असतो, मोटारही जाते आणि माणूसही. मोटारीचे वाइंडिंग सुकवून ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) किमान १ मेगाओहम दाखवल्याशिवाय करंट द्यायचा नाही. सगळ्या गावांच्या मोटारी एकाच आठवड्यात सांगली आणि ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) इथल्या वाइंडिंगवाल्यांकडे जातात आणि रांग लागते. म्हणून दर पाच-सहा गावांमागे एक जादा पंपसंच तालुक्याला ठेवा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर ३३ टक्के क्लोरीनची घ्या. हवेत उघडे पोते महिन्यात निकामी होते आणि २० टक्क्यांखालची पावडर म्हणजे चुना. प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. आधी बादलीत कालवून, निवळी टाकीत ओतून अर्धा तास थांबायचे आणि ओटी चाचणी (पाण्यात उरलेल्या क्लोरीनची) टाकीवर न करता गावाच्या शेवटच्या नळाला करायची. तिथे ०.२ पीपीएम मिळाले पाहिजे, साथीच्या काळात ०.५. आरोग्य केंद्रात लस २ ते ८ अंशांत राहण्यासाठी जनरेटर पहिल्या मजल्यावर किंवा चौथऱ्यावर हवा आणि डिझेल तीन दिवसांचे.

इमारतींवर एकच म्हणणे. २००५, २०१९, २०२१ अशा तीनदा भिजलेल्या इमारतीला चौथ्यांदा ‘दुरुस्ती’ मंजूर करू नका. निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत नवे सरकारी बांधकाम नकोच. निळ्या आणि लाल (१०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या) रेषेच्या मध्ये असेल तर अभिलेख कक्ष वरच्या मजल्यावर आणि विजेचे बोर्ड २०१९ च्या खुणेच्या वर. दुरुस्तीचा प्रस्ताव सोपा असतो म्हणून तो जातो, स्थलांतराला जागा शोधावी लागते म्हणून तो राहतो. पैशाचे म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या रचनेत राज्य आपत्ती जोखीम निधीतला ३० टक्के भाग पुनर्प्राप्ती आणि पुनर्बांधणीसाठी, १० टक्के पूर्वतयारीसाठी आणि २० टक्के धोका कमी करण्यासाठी वेगळा काढलेला होता. तातडीच्या मदतीपलीकडची ही खाती मागायला तयार प्रस्ताव लागतो. प्रस्ताव नसला की मागणी फक्त सानुग्रह अनुदानाची जाते.

आपल्या पहिल्या सर्वसाधारण सभेत पुढील ठराव व्हावेत ही विनंती : जोडतालुक्याचा आदेश काढण्याची प्राधिकरणाला शिफारस, चार तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांची जनरल रजिस्टर ३१ मेपूर्वी फोटोबद्ध करणे, गहाळ नोंदवहीचा नमुना मंजूर करणे, जादा पंपसंच आणि क्रेटसाठी सेस फंडातून (जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून) तरतूद. चारही ठरावांना जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि तारीख जोडावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा अनुपालन अहवाल स्थायी समितीपुढे ठेवावा. गहाळ नोंदवही आणि पूर नोंदवही यांचे आखलेले नमुने आम्ही तयार केले आहेत. ते दोन्ही नमुने सभेपूर्वी चारही गटविकास अधिकाऱ्यांकडे पोचते करतो.

आपले नम्र,
मिरज, वाळवा, पलूस आणि शिराळा तालुक्यांतील निवृत्त महसूल, ग्रामपंचायत, बांधकाम, पाणीपुरवठा व आरोग्य कर्मचारी